दुसरी ओळ

गेलेल्या माणसाचं नाव तुम्ही कधी उजेडानं लिहिलेलं पाहिलं आहे का? बबितानं पाहिलं.

चैत्रात तिचा नवरा संजय गेला. फुलसावंगी गावातलं त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र तीच चालवू लागली. पण दिवाळीत त्याचा जुना संगणकही बंद पडला. महागावच्या संगणक दुरुस्त करणाऱ्या बादलनं नवा संगणक आणून दिला. त्यात संगणक चालवायला लिनक्स नावाची नवी प्रणाली टाकली होती, आणि संजयची जुनी डिस्कही आत बसवतो असं तो म्हणाला होता.

त्या संध्याकाळी समोर बसलेल्या पायलचा नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म सहाच्या आत जायलाच हवा होता. बाहेर कुणीतरी सोयाबीनचं कुटार, मळणीनंतर उरलेला भुसा, पेटवलं होतं. त्याचा धूर दुकानात शिरत होता.

बबितानं संगणक लावला. काळ्या पडद्यावर, कशावरून सुरू करायचं ते निवडायला, दोनच ओळी. वर लिनक्स, खाली संजय. त्याखाली निवडायला उरलेले सेकंद, दहापासून उलटे आकडे. तिनं वरची ओळ निवडली. पडदा विझला आणि तीच यादी परत आली. पुन्हा निवडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा खूण आपोआपच खालच्या ओळीवर जाऊन बसली.

तिनं बादलला फोन लावला. "भाऊ, नवं उघडूनच नाही राह्यलं. जुन्या डिस्कवरच जाते."

"जुनी डिस्क?... वहिनी, ते त बसवाची राहूनच गेली. हे काय, माझ्या टेबलावर हाये."

बबितानं फोन खाली ठेवला. धुरात आता तंबाखूचा वास होता. संजय मळायचा तसा, ओल्या चुन्याचा.

तिच्या तांड्यावर दिवाळीच्या धबुकारात पितरांची नावं घेऊन विस्तवावर घास टाकतात. सासू धनीबाई म्हणाली होती, "त्याचं नाव घे वं, वाट पाहत राहीन तो." बबितानं घेतलं नव्हतं. घेतलं तर तो खरंच गेला, असं तिला वाटलं होतं.

फोनभर थांबलेले आकडे पुन्हा उतरू लागले होते. चार... तीन...

"काकू, काहून थांबल्या? वर्ष जाईन ना माझं..." पायलचा आवाज रडवेला झाला.

बबितानं डोळे मिटून खालची ओळ दाबली. संजयचा जुना पडदा उघडला, तांड्यावरच्या लिंबाच्या फोटोसकट. फॉर्म गेला. पाच छप्पन्नची पावती घेऊन पायल पळत घरी गेली.

बबितानंही शटर ओढलं आणि घरी जाऊन चुलीत तूप-गुळाचा घास टाकला. पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं संगणक लावला. खालच्या ओळीतलं संजयचं नाव गेलं होतं. तिथे, गेलेल्याच्या जागी, बबिता असं लिहिलेलं होतं, आणि कालच्या दहाऐवजी आज आकडे नऊपासून सुरू झाले.