न सुजलेले पंजे

दुसऱ्या पिंजऱ्यातले उंदीर काही केल्या सुजायला तयार नव्हते. डॉ. हेमांगी दाभाडेने त्यांच्या पंजांत दाहक द्रव्य टोचले होते. एव्हाना ते पुरीसारखे टम्म फुगायला हवे होते. पहिल्या पिंजऱ्यातल्यांना रानातल्या एका झाडाच्या सालीचा सूज उतरवणारा अर्क पाजला होता, त्यांचे न सुजणे ठीकच. पण या बिचाऱ्यांना नुसते पाणी मिळाले होते. औषध न घेणारेही सुजत नसतील, तर औषधाचा गुण ताडून कशाशी पाहायचा?

हेमांगीने दाहक द्रव्याच्या बाटल्या बदलल्या, पुरवठादाराला फोनवर झाडले. शेवटी दुसऱ्या इमारतीत नवे उंदीर आणवले आणि कोणाचा हात नको म्हणून त्यांना दाणापाणीही स्वतःच घातले. तेही सुजले नाहीत. वैतागून तिने पिंजऱ्यातली हवा भरून सालीच्या रसायनाचे जाणकार डॉ. मुजावर यांच्याकडे पाठवली.

मुजावर स्वतःच आले, पण आत आले नाहीत. तोंडावर मुखवटा चढवून काचेपलीकडे उभे राहिले आणि इंटरकॉमवर बोलू लागले.

"मॅडम, तुमच्या बाटल्या चांगल्या होत्या. हे झाड जखम झाली की एक वायू सोडतं. तो शेजारच्या झाडापर्यंत पोचला की तेही तोच वायू सोडू लागतं. मी त्याला गंधनिरोप म्हणतो."

"ते झाडांचं झालं, सर."

"अर्क प्यालेल्या उंदरांच्या श्वासात तोच वायू आहे. पाणी प्यालेल्यांच्याही. त्यांची शरीरं तो आपला आपण बनवतायत."

हेमांगी हरखलीच. "म्हणजे औषध हवेतून पसरतंय? अहो, जगाची सांधेदुखी गेली!"

"सूज हा नुसता आजार नाही हो! जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. त्या धावपळीचीच सूज होते, तापही तिच्यातूनच येतो. या वायूने ती धावपळच थांबते, मग जंतूंना रान मोकळं. उंदीर फाडून पाहिलात का एखादा?"

नव्हता पाहिला. चाचणी पंजाच्या सुजेची, म्हणून तिने पंजाच तेवढा मोजला होता. सकाळी मेलेला एक उंदीर तिने टेबलावर घेऊन फाडला. कातडीवर लालीचा ठिपकाही नव्हता, आणि आतून तो पंजापासून पोटापर्यंत नासला होता.

"पण दुसऱ्या इमारतीत हा निरोप नेला कोणी?" तिने विचारले, आणि विचारतानाच तिला उत्तर सापडले. दाणापाणी तिनेच घातले होते.

तिने घरी फोन लावला. "आई, ओजस कसा आहे?"

"अगं, भारी गुणी पोर तुझं!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "परवा पडून गुडघा केवढा फुटला, पण सूज नाही की ताप नाही. रडलासुद्धा नाही. आज मात्र उठतच नाहीये. नुसता झोपून आहे."

हेमांगी दाराकडे धावली. दार बाहेरून बंद होते.

"सर, उघडा! माझं लेकरू जाईल हो!"

"तुम्हाला कसं सोडू?" मुजावर काचेपलीकडून म्हणाले. "आणि त्याच्याही श्वासात आता तेच आहे. दवाखान्यात नेलंत, तर तिथला प्रत्येक रोगी, प्रत्येक बाळंतीण, नुकतं ऑपरेशन झालेलं प्रत्येक माणूस... कळतंय ना तुम्हाला?"

तिला सगळे कळत होते. तिच्याइतके ते कोणालाच कळत नव्हते.

"हॅलो, हेमा? बोल ना गं!" फोनमधून सासूबाई विचारत होत्या.

"आई," ती म्हणाली, "रिक्षा बोलवा. त्याला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या."