धुतलेला पाचू

"जुळत नाही," पारखी म्हणाला.

उर्मिलाआत्याने त्याच्या डोळ्याची काच पुसली आणि पाचूचा लोलक उलटा करून पुन्हा त्याच्यापुढे ठेवला. पारखीने आपला बारीक हात लोलकाभोवती फिरवला.

"जुळत नाही. हा तो पाचू नव्हे."

टेबलावर भडंगाची पुडी उघडी होती, पण आता शर्वाणीला एक दाणाही खावासा वाटेना.

पारखी हा कोल्हापूरच्या गुजरीतला, म्हणजे सोन्याचांदीच्या बाजारातला, रत्नं तपासणारा यंत्रमानव. त्याला पाय नव्हते, चेहराही नव्हता. एक डोळा, एक हात आणि एक ठाम आवाज एवढ्या भांडवलावर तो साऱ्या बाजाराला धाकात ठेवून होता. त्याला घडवलं होतं शर्वाणीच्या आत्याने. ती रत्नशास्त्रज्ञ होती (रत्नांची घडण आणि गुणधर्म यांचा अभ्यास करणारी), आणि सुट्टीत शर्वाणी तिच्या प्रयोगशाळेतच पडीक असायची.

असा यंत्रमानव लागतोच कशाला? तर खाणीतल्यासारखाच पाचू आता प्रयोगशाळेतही वाढवतात. तो खोटा नसतो बरं का. पदार्थ अगदी तोच, फक्त जन्मगाव वेगळं. पण जन्मगाव लपवून विकला, तर ती फसवणूक. म्हणून बाजाराने ठरवलं, की प्रत्येक मोठ्या रत्नाचं ओळखचित्र (रत्नाच्या आतल्या भागाचं सूक्ष्म छायाचित्र) काढून ठेवायचं. माणसाच्या बोटाचे ठसे जसे दुसऱ्याशी जुळत नाहीत, तशाच दोन पाचूंच्या आतल्या रेघाही जुळत नाहीत.

हा लोलक शर्वाणीच्या आजीचा. तिच्या थोरल्या बहिणीच्या, रेवाताईच्या, लग्नात तो रेवाताईच्या गळ्यात घालायचा होता. कोंदण सैल झालं होतं, म्हणून तो प्रयोगशाळेच्या खालच्या मजल्यावर सोनारकाम करणाऱ्या मुकुंदकाका पोतदारांकडे दिला होता. कोंदण घट्ट होऊन तो काल परत आला, आज सकाळी इतर दागिन्यांबरोबर रिठ्याच्या पाण्यात धुतला गेला, आणि लग्नाआधी एकदा तपासून ठेवू म्हणून आत्याने तो पारखीपुढे धरला. एरवी मिनिटभराचं काम.

"दगड मुकुंदकडेच होता," आत्या हळूच म्हणाली. बोलल्यावर तिलाच ते आवडलं नसावं. तिने मान खाली घातली.

"पण मुकुंदकाका असं करतील का?" शर्वाणीने विचारलं.

"मला नाही गं वाटत तसं. पण पारखीचा निकाल आपोआप सराफांच्या संघटनेकडे जातो. नियम मीच करून घेतला होता."

नियम आपलं काम चोख करत होता. खाली मुकुंदकाकांचं शिक्का उमटवणारं यंत्र संघटनेकडून आपोआप बंद झालंसुद्धा. गुजरीत प्रत्येक कारागिराचा स्वतःचा शिक्का असे. तो ज्या दागिन्यावर नाही, तो कुणी हातात घेत नसे. संध्याकाळी संघटनेची बैठक होती. पाचू बदलला असं तिथे ठरलं, तर काकांचा शिक्का कायमचा बंद होणार होता.

जिना चढून काका वर आले, तेव्हा त्यांच्या बोटांना अजून पॉलिशची लाली लागलेली होती.

"उर्मिला, काय म्हणतंय तुझं हे?"

"दगड बदललाय म्हणतंय."

काका खुर्चीत बसले. "अगं, मी नुस्तं कोंदण दाबलं की. ज्योत लावली न्हाई, काय न्हाई." मग ते आपल्याच हातांकडे बघत राहिले. "का माझ्याच हातनं तडा गेला म्हणायचा? हात कापत्यात अलीकडं जरा."

शर्वाणीला रडू फुटणारच होतं. भिंग डोळ्याशी कसं धरायचं, हे तिला याच हातांनी शिकवलं होतं. तिने ओठ घट्ट दाबून धरले.

आत्याने लोलक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि शेजारच्या पडद्यावर जुनं ओळखचित्र लावलं. जुन्या चित्रातला पाचू हिरवागार, नितळ, आत चारदोन अंधुक धागे. आत्ताचा मात्र मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा पांढुरका, आणि आत भेगाच भेगा.

"भेगा पाचूला असतातच," आत्या पुटपुटली. "तो जमिनीखाली वाढतो तोच धक्के खात. पण इतक्या? काल नव्हत्या आणि आज आल्या कुठून?"

घड्याळ पळत होतं. शर्वाणीची नजर इकडेतिकडे भिरभिरत होती, ती येऊन ठेपली भडंगाच्या पुडीवर. कागदाला तेलाचे डाग पडले होते, आणि जिथे डाग तिथे मागच्या बाजूची अक्षरं चक्क आरपार दिसत होती.

"आत्या," ती म्हणाली, "तेल लागलेल्या कागदातून पलीकडचं कसं दिसतं?"

"शर्वाणी, ही वेळ आहे का?" आत्या म्हणाली खरी, पण कुणी प्रश्न विचारला आणि आत्याने उत्तर दिलं नाही, असं आजवर घडलं नव्हतं. "कागद म्हणजे बारीक तंतूंचा गुंता. तंतूंच्या मध्ये हवा. प्रकाश तंतूतून हवेत आणि हवेतून तंतूत जाताना दर वेळी वाकतो, थोडा मागेही फिरतो. असा तो चहूकडे विखुरला, की कागद पांढरा दिसतो आणि पलीकडचं काही दिसत नाही."

"आणि तेल?"

"तेल हवेच्या जागी जाऊन बसतं. तेलाचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो, ते सांगणारा आकडा) तंतूंच्या आकड्याच्या जवळचा असतो. म्हणजे आता तंतूतून तेलात जाताना प्रकाशाला फारसं वाकावं लागत नाही. तो बराचसा सरळ पार होतो."

"तेल काढून टाकलं तर?"

"हवा परत आत. कागद परत पांढरा."

शर्वाणीला सकाळचं पातेलं दिसायला लागलं. रिठ्याच्या फेसात घुसळणारे दागिने. कोमट पाण्यात नुसते भिजव, असं आत्याने बजावलं होतं. पण शर्वाणीबाईसाहेबांना दागिन्यांची चमक बघून सगळ्यांनी 'वा!' म्हणायला हवं होतं ना! म्हणून तिने शेगडी मोठी केली, पाण्याला चांगली उकळी आणली, आणि मग सगळं न बघताच फडक्यात गुंडाळून ठेवलं.

आता बोललं, तर आजीचा पाचू नातीनेच घालवला असं होणार. रेवाताई काय म्हणेल? नाही बोललं, तर कुणाला कळणारही नव्हतं. समोर मुकुंदकाका आपली बोटं एकमेकांत अडकवून ती थरथरू नयेत म्हणून धडपडत होते. ते बघून शर्वाणीचे डोळे भरून आले.

"मी तो उकळला," ती म्हणाली. "रिठ्यात. खूप वेळ. आत्या, पाचूत तेल होतं का?"

आत्या गर्रकन वळली. "बहुतेक पाचूंच्या भेगांमध्ये तेल भरतात. फार जुनी रीत आहे. तेलाचा आकडा पाचूच्या जवळ, म्हणून भेगा लपतात. उकळलं की तेल निघून जातं. पण आपल्या पाचूत तेल नाही, नोंदीतच तसं..." ती मध्येच थांबली. चेहरा उतरला. "नोंद मीच केली होती. आई म्हणाली, आपल्या पाचूला तेलाचं बोटही लागलेलं नाही. मी लिहून टाकलं. घरचाच दगड, म्हणून तपासलाच नाही."

"मग परत तेल भरा की!" काका ताडकन उठले.

"तो पुरावा होणार नाही," पारखी मध्येच बोलला. "तेल भरल्यावर भेगाळलेला कुठलाही पाचू नितळ दिसेल. बदललेलासुद्धा."

काका पुन्हा खाली बसले. यंत्राचं म्हणणं बिनचूक होतं, आणि म्हणूनच त्याचा राग येत होता.

आत्या जुन्या ओळखचित्रावर वाकली. "तेलाने बदलत नाही असं काहीतरी हवं. हे बघ, शर्वाणी!" चित्राच्या कोपऱ्यात एक इवलीशी पोकळी होती. तिच्यात पाण्याचा थेंब, थेंबात बुडबुडा, आणि शेजारी मिठाचा चौकोनी खडा. "पाचू वाढत होता, तेव्हा भोवतालचं खारं पाणी आत अडकलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पाणी आहे ते. ही पोकळी चारी बाजूंनी बंद आहे, म्हणून उकळून तिचं काही बिघडत नाही. पाचू आपला असेल, तर हे त्रिकूट जागच्या जागी सापडायला हवं."

पण पांढुरक्या भेगांच्या पडद्याआडचं काही दिसेना. मग पाचू सुकवून तेलात बुडवला आणि निर्वात पेटीत (हवा ओढून रिकामी केलेली बंद पेटी) ठेवला. पंप घरघरू लागला. भेगांमधून बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागल्या. शर्वाणी पेटीच्या काचेला नाक लावून बसली. उकळताना पाचू आणखी तडकला असेल तर? त्रिकूट सापडलंच नाही तर? खाली रस्त्यावर बैठकीला निघालेल्या सराफांचे आवाज ऐकू यायला लागले होते.

बुडबुडे थांबले. आत्याने हळूच पेटीत हवा सोडली, आणि त्या हवेच्या दाबाने तेल भेगांत घुसलं. ढगाळलेला पाचू कडेकडेने हिरवा होत गेला.

पारखीने हात फिरवला. एक फेरी. दुसरी फेरी. शर्वाणीने काकांची बाही गच्च धरली होती.

"थेंब सापडला. बुडबुडा सापडला. खडा सापडला. जागा तीच. जुळतो."

शर्वाणी रडली ती आत्ता, हमसून हमसून. आत्याने लगेच संघटनेला कळवलं आणि पाचूची नोंद सुधारली: यात तेल आहे, उकळू नये. तेल भरलेला पाचू खोटा नसतो. ते सांगितलं नाही, की खोटेपणा सुरू होतो. आपल्या पाचूत तेल आहे हे आजीला कोण सांगणार, हा प्रश्न तेवढा दोघींनी तूर्त टाळला.

काका मात्र हसले नाहीत. "उर्मिला, तुझं यंत्र चुकलं, त्याचं मला काय वाटत न्हाई. मी पण चुकतोय. पण तू मला 'दगड बदललाय म्हणतंय' म्हणालीस. 'मुकुंद, काय झालं?' असं इचारलं न्हाईस बघ."

आत्याने हात जोडले.

"पारखी," डोळे पुसत शर्वाणी म्हणाली, "तुला 'माहीत नाही' असं म्हणता येत नाही का?"

"मला दोनच उत्तरं शिकवली आहेत. जुळतो आणि जुळत नाही."

"मग तिसरं शिकव ना, आत्या! शास्त्रज्ञांना तर ते म्हणावंच लागतं."

त्या संध्याकाळी आत्याने बैठकीत आपली चूक सगळ्यांपुढे सांगितली, निकाल आपोआप पाठवणारा नियम बंद करून घेतला, आणि पुढचे कितीतरी दिवस दोघी पारखीला शिकवत बसल्या. तेल भरलेले पाचू, तेल उडालेले पाचू, तापवलेले नीलम, प्रयोगशाळेत वाढवलेली माणकं. एकेक त्याच्यापुढे ठेवायचं, आणि कुठे खात्री धरायची, कुठे थांबायचं ते समजावायचं.

शेवटी एके दिवशी मुकुंदकाका वर आले. बोटातली जुनी अंगठी काढून त्यांनी ती पारखीपुढे ठेवली. त्या अंगठीतल्या खड्याचं ओळखचित्र कुणी कधीच काढलेलं नव्हतं. पारखीचा हात फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

"नक्की सांगता येत नाही," पारखी म्हणाला. "काका, या खड्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली. "बस पोरी तू पण," ते शर्वाणीला म्हणाले, आणि सांगायला लागले.