शाळा ‘क’चा पत्ता

सकाळी साडेदहाला सोनमचा फोन आला, तेव्हा मायाक्का मॅडमची रिक्षा सात रस्त्याच्या गर्दीत अडकली होती.

“मॅडम, गुरुशांत गुरुजींना नोटीस आलीये. शाळा बंद करतायत. आणि नोटिशीत माझ्याच प्रबंधातलं वाक्य आहे!”

“विभागातच थांब, मी पोचतेय,” मॅडम म्हणाल्या.

सोनम त्यांची विद्यार्थिनी. शैक्षणिक नेतृत्व आणि धोरण या विषयात एम.ए. करत होती. तिचा प्रबंध ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांवर होता. अक्कलकोटकडच्या एका वस्तीशाळेत पटावर अठरा पोरं, पण वर्गात सात. बाकीची अकरा आईबापांबरोबर श्रीपूरच्या साखर कारखान्याकडे. चैत्रात परत येणार. तोवर गुरुशांत गुरुजी त्यांची हजेरी लावत राहायचे. कारण पट घसरला की शाळा पलीकडच्या गावात विलीन, आणि हमरस्ता ओलांडून पाच किलोमीटर कुणी आपलं पोर पाठवणार नाही. शाळेचं नाव कुठं येणार नाही या बोलीवरच गुरुजींनी सगळं सांगितलं होतं. तो शब्द खुद्द मॅडमनी दिला होता. प्रबंधात ती शाळा नुसती ‘क’ होती.

विद्यापीठातल्या विभागात सोनम डोळे सुजवून बसली होती. मॅडमनी तिच्या मोबाइलवर नोटीस दोनदा वाचली. ‘पटावर अठरा, वर्गात सात. मुख्याध्यापक व स्वयंपाकी ईरम्मा यांनी सोमवारी जबाबासाठी हजर राहावे.’

“‘क’ म्हणजे कुठली शाळा, हे कुणाला माहीत होतं?”

“तुम्हाला आणि मला. शाळांच्या खऱ्या नावांची यादी तुमच्याच कपाटात आहे.”

मॅडमनी कपाट उघडलं. यादीचं पाकीट चिकटवलेलं होतं तसंच होतं.

“कुणाकडे बोललीस? घरी? मैत्रिणीकडे?”

“आईशपथ नाही.” सोनम जरा थांबली. “पण मॅडम, त्यांना ईरम्मा कुठून सापडली? खिचडी तीच शिजवते खरी, पण कार्यालयाच्या कागदावर तिची सून आहे, गौरम्मा.”

मॅडम एकदम तिच्याकडे बघत राहिल्या. “प्रती किती काढल्यास?”

“चार. तुमची, माझी, परीक्षकांची आणि ग्रंथालयाची.”

आधी त्या दोघी नव्या पेठेत येडूमामांकडे गेल्या. प्रबंध त्यांनीच बांधला होता.

“पाचवी प्रत काढली का, मामा?”

“न्हाय की. चारच.”

“आत काही वाचलंत?”

“म्याडम, दिसाला चाळीस बांधतो. वाचत बसलो तर खळ वाळून जाईल माजी!”

मग ग्रंथालय. नोंदवहीत एकच सही होती, ऋतुराजची. सोनमचा वर्गमित्र, शिक्षण कार्यालयात लिपिक. प्रत त्याने तिथंच बसून बघितली होती. कारण लिहिलं होतं ‘मांडणी पाहणे’. अर्ध्या तासात परत केली होती.

“दोनशे पानं अर्ध्या तासात?” सोनम म्हणाली. “पण आकडे तर त्याला पाठच असतील. कोष्टकं त्यानेच करून दिली होती.”

“म्हणजे आकड्यांसाठी तो आलाच नव्हता,” मॅडम म्हणाल्या.

दुपारी ऋतुराजला कॅन्टीनमध्ये बोलावलं. तो आला तोच मान खाली घालून.

“प्रबंधात कुठलं पान आधी उघडलंस?”

“प्रकरण चौथं.”

“खोटं. तू ऋणनिर्देश उघडलास. आपले प्रबंध कुणी वाचत नाही रे, पण आभाराचं पान सगळे वाचतात. आपलं नाव आहे का बघायला.”

ऋतुराजचा चेहरा पडला.

“त्या पानावर अक्कलकोटकडच्या शाळेत शिजवणाऱ्या ईरम्माचे आभार आहेत, तिच्या हातच्या भाकरीबद्दल. तिचं नाव साऱ्या सोलापुरात तेवढ्या एकाच कागदावर छापलंय. कार्यालयातल्या कागदावरून नोटीस निघाली असती, तर तिच्यात गौरम्मा आली असती. पाकिटाला कुणी हात लावला नाही. येडूमामांनी आत बघितलं नाही. परीक्षक बसले पुण्यात, त्यांना भाकरीचा पत्ता कोण सांगणार? राहिलास तू. बोल, शाळा कशी शोधलीस?”

“तिकडच्या केंद्रप्रमुखांना फोन केला,” तो पुटपुटला. “ईरम्मा कुठल्या शाळेत शिजवते, एवढंच विचारलं. साहेब खोट्या पटाच्या शाळा शोधा म्हणून मागेच लागले होते. आणि मॅडम, पंधरा रात्री जागून कोष्टकं केली मी. भाकरीवालीचं नाव आहे, माझं नाही!”

सोनमने तोंडावर हात ठेवला. तिच्याकडून त्याचं नाव घाईत राहून गेलं होतं.

“नोटीस मागे घ्यायला लाव,” मॅडम म्हणाल्या.

“कशी घेणार? त्यात खोटं काय आहे?”

तो गेला आणि त्याला कुणी थांबवलंही नाही.

“मी तर ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार’ एवढंच लिहिलं होतं,” सोनम हळूच म्हणाली.

“आणि ते मी खोडलं. माणसांची नावं घे म्हणाले, उपकार मोघम फेडू नयेत म्हणाले.” मॅडमनी समोरचा चहा बाजूला सारला. शाळेचं नाव लपवायचा शब्द त्यांनीच दिला होता आणि घराची किल्लीही त्यांनीच दारात ठेवली होती. वीस वर्षं धोरण शिकवून हे पदरात पडलं, म्हणून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी गुरुशांत गुरुजींना फोन लावला. काही न लपवता सगळं सांगितलं. “चूक माझी आहे, गुरुजी.”

पलीकडे पोरांचा गलका ऐकू येत होता. सात पोरांचा.

“तुमी मुद्दाम केलं न्हाय, म्याडम. चैतात ती अकरा पोरं आल्यावर त्यास्नी कुटं बसवू, ते मलाबी कळंना. पण आत्ता येगळीच अडचण हाय. सोनमताईंनी ते पान ईरम्माला वाचून दाखवलंतं. तिला वाटतंय, पुस्तकात नाव आलं म्हणून सायबानं बोलावलंय. नवं लुगडं काढून ठिवलंय तिनं. आन् ती खोटं बोलायची न्हाय. कितीजणांचं शिजवती म्हणून इचारलं, तर सातच सांगंल. तिला खरं काय ते तुमी सांगता का मी सांगू?”

“मी येऊन सांगते,” मॅडम म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी सोनमला अक्कलकोटच्या एसटीची वेळ विचारली.