दुपारी बाराचा हिरवा ठिपका

बारा वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर निकिताच्या नावापुढचा हिरवा ठिपका लागला आणि पतसंस्थेचा शिपाई चहाचा ट्रे टेबलावर टाकून बाहेर पळाला.

पळणारच. निकिताला जाऊन साडेचार महिने झाले होते.

शेवगावच्या त्या पतसंस्थेत तरुण खातेदारांसाठी नवी वेबसाइट तयार होत होती. निकिता आणि दिशा दोघी मिळून ती करत होत्या. दसऱ्याच्या आधी एका ट्रकने निकिताच्या स्कूटीला उडवलं आणि काम एकट्या दिशावर आलं. महिन्याभरापूर्वी व्यवस्थापक कल्याणरावांनी निकिताची पानं काढून टाकली आणि पुण्याहून नवी झकपक पानं आणवली. तेव्हापासून रोज भर दुपारी ती पानं आपोआप बदलत होती. बदल करणाऱ्याचं नाव दर वेळी एकच दिसे, निकिता.

नगरहून सायबर शाखेचे हवालदार बिभीषण गर्जे आले, तेव्हा कॉम्प्युटरला लिंबू-मिरची टांगलेली होती.

"हे कुणी बांधलं?"

"मीच," कल्याणराव ओशाळून म्हणाले. "बाराची वेळ वाईटच असते, साहेब. पण मला विचाराल तर भूत या खुर्चीवर बसलंय." त्यांनी दिशाकडे बोट दाखवलं. "शुक्रवारी उद्घाटन आहे. त्याआधी भूत सापडलं नाही, तर मी हिच्याविरुद्ध तक्रार देणार. नोकरी तर गेलीच समजा."

दिशाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

गर्जेंनी खुर्ची ओढली.

"निकिताचं लॉगिन तुम्हाला बंद करता येतं?"

"येतं."

"मग केलं का नाही?"

तिने नजर पुन्हा स्क्रीनकडे वळवली.

"रोज बाराला तुम्ही कुठे असता?"

"इथेच. स्क्रीनसमोर."

"सोबत कुणी?"

"नाही. एकटीच."

बाई स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेत होती. गर्जेंना तेच खटकलं. खोटं बोलणारा माणूस निदान एखादा साक्षीदार तरी तयार ठेवतो.

त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडली. कल्याणरावांच्या पानावर काळ्या रंगावर बारीक करडी अक्षरं होती, आणि कॉफी पिणारी गोरीगोमटी पोरं. भुताचं पान पांढरं होतं. अक्षरं ठळक, काळी. कॉफीवाली पोरं गायब. बटण चांगलं अंगठ्याएवढं. आणि खातं उघडण्याच्या अर्जात 'कुठे राहता?' या प्रश्नाखाली 'घर' असं होतं, त्याखाली भुताने एक शब्द वाढवला होता, 'कोपी'.

"कोपी म्हणजे काय हो?" गर्जेंनी दिशाला विचारलं.

"माहीत नाही. मी नगर शहरात वाढले. मला वाटलं, एखाद्या गावाचं नाव असेल."

"ऊसतोडीवाल्यांची झोपडी," कल्याणराव हळूच म्हणाले. "हा शब्द निकिताच लिहिणार, साहेब. ऊसतोड्याचीच पोर होती ती." बोलता बोलता त्यांचा हात लिंबाकडे गेला.

गर्जे मोबाईल घेऊन बाहेर अंगणात गेले. फेब्रुवारीचं ऊन चांगलंच तापलं होतं. काळ्या पानावर त्यांना फक्त स्वतःच्या मिश्या दिसल्या. भुताचं पान मात्र सरळ वाचता आलं.

ते आत आले. "निकिताचा फोन कुठे आहे?"

"अपघातानंतर पोलिसांनी तिच्या आईला दिला," दिशा म्हणाली.

"आणि आई?"

"धाकट्या मुलीला, रेश्माला घेऊन बेलापूरकडे गेल्यात. तोडीला."

"उद्या बाराच्या आत आपण तिघं तिथे असू," गर्जे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बेलापूरच्या शिवारात तोडणी थांबली. टोळी भाकरीला बसली. एक एकोणीस-वीस वर्षांची पोरगी मात्र बांधावर लांब जाऊन बसली. तिने ओढणीला हात पुसले आणि तडा गेलेला एक फोन काढला.

दिशाच्या हातातल्या मोबाईलवर हिरवा ठिपका लागला.

"लागला," ती कुजबुजली. मेलेल्या मैत्रिणीचं नाव हातात उजळलं होतं आणि वीस पावलांवर तिच्यासारखीच मान वाकडी करून कुणीतरी बसलं होतं.

"निकिताची बहीण, रेश्मा," गर्जे म्हणाले. "भुताला ऊन लागत नाही, कल्याणराव. अक्षरं ठळक करणारा माणूस ती उन्हात बसून वाचत होता. दिशा तर दिवसभर पंख्याखाली. शिवाय कोपी म्हणजे काय, हेही तिला ठाऊक नाही. वेळ बाराचीच, कारण पहाटेपासून कोयता चालवणाऱ्याला फोन धरायला भाकरीच्या सुट्टीतच सवड मिळते. आणि निकिताचा फोन तिच्या घरीच आलेला. भूत राहायला जागाच उरली नाही."

रेश्मा उठून उभी राहिली. पळाली नाही.

"पासवर्ड कुणी दिला, पोरी?"

"कुनी न्हाई. तायडीच्या फोनात उघडंच हुतं. ती रोज बाराला फोन करायची. म्हनायची, रेश्मे, उन्हात दिसतंय का बग. तुला वाचता आलं तर समद्या पोरांना येईल. कसं बदलायचं त्ये बी तिनंच शिकिवलं. मग ह्यांनी समदं काळं केलं. मला काईच दिसंना."

"दुसऱ्याच्या नावानं असं शिरणं गुन्हा आहे. माहीत आहे?"

"न्हाई." तिने तो फोन पुढे धरला. "मी हात लावला की तिच्या नावाम्होरं हिरवं लागायचं. तेवढ्यासाठी करत हुते."

दिशा मटकन बांधावर बसली. "मीही त्याच्यासाठीच बघत बसायचे," ती म्हणाली. "म्हणून तर बंद केलं नाही. कोण असेल, हेसुद्धा शोधलं नाही. भीती वाटायची, सापडलं तर संपेल."

गर्जेंनी कल्याणरावांना त्यांचं पान उघडायला लावलं. कल्याणरावांनी मोबाईल तिरपा केला, हाताची सावली केली, डोळे बारीक केले. समोर भाकरी खात बसलेल्या टोळीतली निम्मी पोरं पंचविशीच्या आतली होती.

"तुमचे तरुण खातेदार," गर्जे म्हणाले. "बोला, तक्रार कुणाविरुद्ध लिहू?"

कल्याणरावांनी त्या पोरांकडे पाहिलं आणि मोबाईल खिशात टाकला. "लिहू नका," ते म्हणाले. "शुक्रवारी हिचंच पान लावू."

पण लॉगिन बंद करावंच लागणार होतं. दिशाने रेश्माचा हात धरला. "तुझ्या नावाने नवं काढून देते. रोज बघून सांगत जा."

"त्यात तायडीचं नाव दिसंल?"

"नाही गं. तुझं दिसेल."

"मग नगं."

दिशाने लॉगिन बंद केलं. ठिपका विझला. रेश्माने तो फोन, दिवा पदराआड धरावा तसा, ओढणीखाली घेतला, आणि कोयता उचलून उसात गेली.

शुक्रवारी उद्घाटनाचे पेढे वाटले गेले. बारा वाजले, तशी दिशाने सवयीने स्क्रीनकडे पाहिलं. तिथे कुणाचंच नाव नव्हतं. तिला रडू आवरेना.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिचा मोबाईल वाजला. पडद्यावर नाव आलं, निकिता.

तिने फोन कानाला लावला. पलीकडे वारा होता, आणि उसाच्या वाळक्या पाचटाचा आवाज.

"ताई, रेश्मा बोलतीय. ते खालचं बटन आजून उन्हात दिसत न्हाई बगा."