कोऱ्या तारखेचं कार्ड

कुरुंद्याच्या सखुबाईचा फ्रीज ऐन चैत्रात बंद पडला, आणि वॉरंटी कार्ड पिशवीत घालून ती वसमतच्या एसटीत बसली. एवढीच गोष्ट असती तर मी सांगत बसलो नसतो.

हा फ्रीज म्हणजे सखुबाईच्या काळजातलं कुसळ. दोन वर्षांमागं तिचे मालक उकंडराव यांनी तो तिला न विचारता आणला. उकंडराव वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळदीच्या काट्यावर होते. दिवसभर निळ्या पेन्सिलीनं वजनाच्या चिठ्ठ्या लिहायच्या, बोटं कायम पिवळी. फ्रीज दारात उतरला तशी सखुबाई कडाडली, "रांजणाचं पाणी काय कडू लागून राहिलं होतं?" आणि तिनं अबोला धरला. उकंडराव अबोल्याला सरावलेले. अशा वेळी ते चिठ्ठीमागं दोन शब्द लिहून दुधाच्या पातेल्याखाली ठेवायचे. 'जेवून घे.' 'राग सोड.' चार दिवस चिठ्ठ्या आल्या. तिनं वाचल्या आणि चुलीत घातल्या. पाचव्या दिवशी ते काट्यापाशीच कोसळले, आणि अबोला सुटायचा राहून गेला. त्यांचा एक शब्द मिळावा म्हणून ती आता काय वाट्टेल ते द्यायला तयार होती. पण चुलीतली राख कुणी वाचून दाखवत नाही.

सर्व्हिस सेंटरवर नोमान मिस्त्री होता, पन्नाशीचा, भला माणूस. त्यानं कार्ड उलटंसुलटं केलं. तारखेची जागा कोरी. आपल्याकडे ही रीतच आहे. ओळखीचा दुकानदार तारीख टाकतच नाही. वस्तू बिघडली की सोयीची टाकून घ्या म्हणतो.

"मौशी, दोन वर्षं म्हंता, मंग वॉरंटी तर संपली. पन गेल्या सालातली तारीख टाकून आना, बराबर बसवून देतो. मी टाकली तर हापिसात अक्षर वळखतील. घरच्या कुनाकडून टाका."

घरचं म्हणजे सखुबाईचं एकच माणूस, आणि ते फोटोत. तिला वाचता येई; लिहिता मात्र सहीपुरतंच.

दिवेलागणीला तिनं कार्ड कोनाड्यात फोटोपुढं ठेवलं. लाईट गेलेली होती. बंद फ्रीज कोपऱ्यात मुकाट उभा होता. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली.

"अहो... तेवढी तारीख टाका ना."

अर्धी थट्टाच होती ती. उरलेली अर्धी काय होती, ते ज्याचं माणूस गेलंय त्याला विचारा.

सकाळी कार्डावर तारीख होती. ७/११, पुढं गेलं साल, निळ्या पेन्सिलीतली. सातचं शेपूट थेट खालच्या ओळीत लोंबणारं, उकंडराव काढायचे तसंच. शेजारी अंगठ्याचा पिवळा ठसा. खोलीत ओल्या हळदीचा वास इतका दाट, की जिभेवर कडवटपणा आला. दाराची कडी आतून तशीच होती. सखुबाई घाबरली नाही. तिनं कार्ड उराशी धरलं आणि हमसून हमसून रडली.

नोमान फ्रीज दुरुस्त करायला घरी आला. कार्ड हातात घेतलं आणि सातच्या शेपटावरून बोट फिरवलं. मोंढ्यात त्याचं कायमचं येणंजाणं. उकंडरावांच्या हातच्या चिठ्ठ्या त्यानं वर्षानुवर्षं पाहिलेल्या.

"मौशी... हे कुनी लिहिलं?"

"ह्यांनी."

त्यानं काम उरकलं. चहा न घेताच निघाला. दारातून हळूच म्हणाला, "दुसरं काही त्यांच्यापुढं ठेवू नका... ऐका माझं."

फ्रीज घरघरू लागला. पण सखुबाईला फ्रीज हवा होता कुठं? तिनं फोटोपुढं कोरे कागद ठेवले, पेन्सिलीला टोक करून ठेवलं. रोज पहाटे पातेलं उचलून बघायची. आठ दिवस काही नाही. मग तिला उमगलं, हा माणूस अडलं तरच लिहिणार; जितेपणीही असाच होता. तिनं चांगला चालता मिक्सर उचलला आणि पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवला. त्याचंही कार्ड कोरंच होतं.

"अहो, हे बी बिघडलं," खोटं सांगताना तिला हसू फुटलं. मग हसू मावळलं. "तारीख-बिरीख राहू द्या. या ना एकदा... मी बोलते. खरंच बोलते. आता न्हाई अबोला धरत."

सकाळी कार्डावर १७/५ लिहिलेलं होतं, आणि पुढं साल चालू. तेच लोंबतं सात, तोच अंगठा. सखुबाईनं बोटांवर मोजलं. अजून तर एप्रिल सरायचा होता. मागची तारीख मागितली की वॉरंटी मिळते. पुढची तारीख मिक्सरच्या काय कामाची? आणि मग तिच्या ध्यानात आलं की रात्री तिनं मिक्सरसाठी काही मागितलंच नव्हतं.

अंगावर सर्रकन काटा आला. पण त्याबरोबर छातीत नव्या नवरीसारखी धडधडही झाली, ती काही लपवता आली नाही. येणार! दोन ताटं काढायची, मेथीची भाजी करायची. त्या दिवशी वार कुठला येतो ते बघायला ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि पान उलटायला हात वर केला.

पान आधीच उलटलेलं होतं. सतराच्या चौकटीत पिवळा अंगठा होता, अजून ओला. त्याखाली निळ्या पेन्सिलीनं दोनच शब्द होते.

'जेवून निघ.'