शून्य गुणांचं घर

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून पंचवीस मिनिटांनी संचिता देवबागेतल्या सर्वेशच्या घरासमोरच्या खळ्यात दुसऱ्यांदा उभी राहिली. टॅबवरची यादी सहाला बंद होणार होती.

वादळ आलं की आधी कोणाला हलवायचं, हे ठरवणारा तो सर्वे. ज्या घराला गुण जास्त, तिथे गाडी आधी. वाडीतले धडधाकट लोकही रडून गुण वाढवून घेत होते. आणि या शहाण्याला शून्य.

गेल्या आठवड्यात शेजारचं घर शोधताना ती चुकून इथे शिरली होती. तो जाळं सांधत होता. त्याने मान वर केली... आणि सुई हातातच राहिली. मग तिच्या सर्वेच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर झकास. घर पक्कं. तब्येती ठणठणीत. मदत? "आमका कोणाची गरज नाय."

काल शेजारच्या यशोदाकाकूंनी सांगितलं, त्याची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे.

"खोटा कित्याक सांगलंस?" संचिता ऑफिसची मराठी विसरली.

"त्या दिवशी तुमी पयल्यांदाच घरात इल्लात. लगेच रडगाणा गावचा?"

"मी स्थळ बघूक नाय, सर्वे करूक इलंय."

आतून खोकला आला. पाठोपाठ आवाज, "कोण गो तू? चाय तरी घे."

"आये, तू गप ऱ्हव," सर्वेश कानापर्यंत लाल झाला.

"छप्पर?" तिने टॅब उघडला.

"पत्र्याचा. गेल्या वादळात... अर्धा उडाला."

"आईला उचलायला किती माणसं लागतात?"

त्याने जाळं बाजूला सारलं. "दोन. मी एकलोच आसंय."

आज पहिल्यांदा तो खरं बोलला होता आणि आजच तिला आवडला होता. याचाही तिला रागच आला.

शेवटचा रकाना – संकटात पहिला फोन कोणाला कराल?

त्याने दहा आकडे सांगितले. नवव्या आकड्यावर तिचं बोट थांबलं.

"ह्यो माझो नंबर."

"गेल्या आठवड्यात तुमी दिलेल्या चिठ्ठीवर होतो. पाठ झालो."

"मी मालवणात रवतंय. वादळात येवन काय करतलंय?"

"दोन माणसां लागतत. आताच सांगलंय."

पाच सत्तावन्नला फॉर्म गेला.

गुरुवारी सकाळी वादळाचा इशारा आला. सर्वेशचं घर पहिल्या गाडीच्या यादीत आहे. शेवटच्या रकान्यातला नंबर संचिताने बदललेला नाही. दुपारी बारापर्यंत तिने तीनदा रेंज तपासली. फोन अजून वाजलेला नाही.