भाईंच्या ताटातल्या चित्राहुती

पडताळा बाजारात आला आणि मिरजेतली निम्मी भांडणं थंड पडली. कानामागे चिकटवायचा, बटणाएवढा दिवा तो. माणूस काही आठवू लागला की दिवा पेटे. आठवण स्वतः जगलेली असेल तर हिरवा, ऐकीव किंवा कुणी मनात घातलेली असेल तर पिवळा. त्यामागचं शास्त्र फार अवघड नव्हतं. जगलेल्या आठवणीबरोबर अंगही जागं होतं. त्या वेळचा वास, उकाडा, बसून अवघडलेला पाय, सगळं पुसटसं का होईना परत येतं. उसन्या आठवणीला ते कुठून येणार? कुणाच्या लग्नात कोण काय बोललं यावर वर्षानुवर्षं धुसफुसणाऱ्या जावा आता चहा उकळेपर्यंत निकाल लावून मोकळ्या होत होत्या.

कालिंदी गुप्ते यांच्या मात्र ते यंत्र डोळ्यांत खुपे. त्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत, आणि त्यांचा सगळा विषयच संशयावर उभा. ज्या ज्या गोष्टीवर शंका घेता येईल तिच्यावर घ्या, शेवटी काय उरतं ते मला सांगा, असं त्या पहिल्याच तासाला म्हणत. पूर्वी पोरं त्यावर डोकं खाजवत बसायची. आता हसत म्हणायची, "मॅडम, दिवा लावून बघू की."

म्हणून एके दिवशी त्यांनी वर्गातच पडताळा स्वतःच्या कानामागे लावला. दिव्याच्या आधीही माणसाला खात्री असते, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी त्यांनी अशी आठवण निवडली, जिच्यावर त्यांनी कधीच शंका घेतली नव्हती. अलिबागचं इस्पितळ. वडील, म्हणजे भाई, शेवटच्या दुखण्यात. कालिंदीनं मुकुंद पाठकशी लग्न केलं म्हणून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. जातीचा प्रश्न नव्हता. हा मुलगा सोयीचं तेवढंच बोलतो, एवढीच त्यांची तक्रार. त्या दिवशी खोलीत तिघंच होती. भाईंनी दोन घास मऊ भात खाल्ला, मुकुंदचा हात तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "पोरगा चांगला निवडलास. मी चुकलो."

समोरच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, पिवळा आहे."

यंत्रंही चुकतात, बघितलंत ना, असं म्हणून बाईंनी वेळ मारून नेली. पण घरी चालत येताना त्यांचा विषय त्यांच्याच मानेवर बसला. यंत्रावर शंका घ्यायची, तर आठवणीवरही घ्यायला हवी. एखाद्या परक्या घरात डोकवावं तशा बाई इस्पितळातल्या त्या खोलीत डोकावल्या, आणि इतकी वर्षं डोळ्यांसमोर असूनही न दिसलेली गोष्ट त्यांना दिसली. पहिल्या घासाआधी भाईंनी ताटाभोवती पाणी फिरवलं होतं आणि भाताची चार शितं बाजूला मांडली होती. चित्राहुती घातल्या होत्या.

भाईंनी. जन्मभर देवाचं नाव न घेतलेल्या, रविवारी पहिला हात सुरमईवर टाकणाऱ्या भाईंनी. देवाला भूक लागली तर तो स्वतः वाढून घेईल, असं ते भर पंगतीत म्हणायचे. चित्राहुतीवाचून घास न घेणारा म्हातारा कालिंदीनं आयुष्यात एकच पाहिला होता: वाईचे पाठक, तिचे सासरे.

मुकुंद स्वयंपाकघरात मटार सोलत होता. पडताळा त्यानं कधी घरात येऊ दिला नव्हता. संशय शिकवणाऱ्या बाईला कशाला हवं ते खेळणं, म्हणून थट्टा करायचा. कालिंदीनं चित्राहुतींचं सांगितलं तसा त्याच्या हातातला दाणा खाली पडला. तो त्यानं उचलला नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भाई गेल्यावर ती अंथरुणाला खिळली होती, अन्न टाकलं होतं. तेव्हा झोप लागावी म्हणून, असं सांगून ज्या उपचाराला त्यानं तिला नेलं तो झोपेचा नव्हताच, स्मृतिकलमाचा होता. आंब्याच्या रोपावर कलम बांधावं तसा, खऱ्या प्रसंगाच्या जागी दुसरा बांधायचा. प्रसंग त्यानं सांगितला. बारकावे मात्र सांगणाऱ्याच्या मनातून आपोआप उतरतात, आणि जेवणारा म्हातारा म्हटल्यावर त्याच्या मनात त्याचे वडीलच बसलेले होते.

कालिंदीला रडू आलं नाही, संताप आला. त्या एका वाक्याच्या भरवशावर तिनं त्याचं काय काय पोटात घातलं होतं. भाईंनी निवड मान्य केली होती, मग आपण कोण शंका घेणारे, असं म्हणत ती दोनदा भरलेली बॅग रिकामी करून राहिली होती. आणि ते प्रशस्तिपत्र त्यानं स्वतःच लिहून तिच्या डोक्यात ठेवलं होतं.

"तू जगावीस म्हणून केलं," मुकुंद म्हणाला.

"ते राहू दे. भाई खरं काय म्हणाले होते?"

त्यानं मटारची परात बाजूला सारली.

"मला माहीत नाही, कालिंदी. डॉक्टर म्हणाले, दोघांच्या आठवणी जुळायला हव्यात, नाहीतर बोलण्यात कधीतरी चूक होईल. मी माझीही बदलून घेतली. मलाही तेच आठवतं. मी चांगला आहे, असंच ते म्हणतात."

तिनं खिशातला पडताळा काढून त्याच्या कानामागे लावला आणि आठव म्हणाली. त्यानं डोळे मिटले. त्याचा चेहरा इतका शांत झाला, की क्षणभर तिला त्याची दया आली. दिवा पिवळा पेटला. त्या खोलीत तिघं होती. एक गेले, आणि उरलेल्या दोघांपैकी आता कुणीच तिथं नव्हतं. भाईंनी क्षमा केली होती की शाप दिला होता, की तोंड फिरवून भिंतीकडे बघत गेले होते, हे जगात कुणालाच कधी कळणार नव्हतं.

"पण कारण मला पक्कं आठवतं," तो डोळे उघडून घाईनं म्हणाला. "तुला वाचवायचं होतं. ते मी बदललेलं नाही."

कालिंदी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. वर्गात विचारायची तशाच शांत आवाजात तिनं विचारलं,

"भाई तुझ्याबद्दल काय म्हणाले ते तुला ठाऊक नाही. मग तुला वाचवायचं होतं ते मला, की स्वतःला, हे तू कशावरून सांगतोस?"